खोलीकडची बाजू

१

नळाला पाणी यायचा दिवस नसला की आमच्याकडं सकाळ उशिरा उजाडते. मागच्या गल्लीतले माग खटखट करायला लागतात, मी चहा ठेवते आणि धम्मा समोरच्या खोलीचं शटर वर करते. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या लोकांना ते दुकान वाटतं. एकदा एक बाई पलंगाचा मोडका पाय घेऊन आली होती, बसवून द्या म्हणाली. माझी नात धम्मप्रिया तिथं गिटारी बनवते. ती बाई पाय काखेत धरून अर्धा तास बघत बसली आणि जाताना म्हणाली, "एवढं शिकून सुतारकामच की."

वर्षाला सहा होतात, फार तर सात. ज्याला गिटार पाहिजे तो माणूस येतो, स्टुलावर बसतो. धम्मा त्याचा हात खाकी कागदावर ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवते, बोटं मोजते, छातीची रुंदी घेते, तो कसा बसतो, खांदा कुठला पाडतो ते बघते. शिंप्यानं सदऱ्याचं माप घ्यावं तसं. मी एकदा विचारलं, "आणि दुसऱ्यानंच वाजवली तर?"

"वाजंल की. पण नवऱ्याची चप्पल बायकोनं घातल्यागत वाजंल."

याच खोलीत मी चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. माझे मालक वारले, लेक हणमंत रेल्वेत लागला, सुनेला घेऊन दौंडला गेला. राहिलो मी आणि त्याची ही पोर. आता तंबाखूच्या वासाच्या जागी लाकडाचा आणि सरसाचा वास असतो. मला तो आवडतो. मला त्या खोलीत बसायला आवडतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यापायीच झालं.

तिथं मला काम पण होतं. लाकूड वाजवून बघायचं. माझं माहेर करकंबचं. आई बाजारात मडकं घ्यायची ते बोटाच्या पेरानं वाजवून. कच्चं कुठलं, चिरलेलं कुठलं, कुठल्यात पाणी गार राहील, सगळं कानानं. तो कान माझ्याकडं आला. धम्मा दोन फळ्या पुढं धरायची, मी टकटक करायची आणि सांगायची, ही बोलते, ही मुकी. ती म्हणायची, "मशीन घेतलं तरी आज्जीइतकं बरोबर सांगणार न्हाय."

दुसरं माझ्याकडं होतं ते डोकं. मला शाळा नाही. सही आत्ता आत्ता शिकले. पण एकदा बघितलेलं, ऐकलेलं जात नाही. कुठलं गिऱ्हाईक काय म्हणालं, कुठली फळी कुणाची, धम्मा मलाच विचारायची. वहीत शोधायला वेळ लागतो, आज्जीला लागत नाही.

मला त्याचा ताठा होता. असू दे.

२

चैत्र संपत आला होता. ऊन असं की शटरला हात लागत नव्हता. दुपारी एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. नाव महेश्वर. कुठल्याशा कचेरीत कारकून, राहायला अक्कलकोट रोडला. बरोबर लेक होती, इंद्रायणी. बावीस-तेवीसची, बारीक, बोलायला गोड. रिक्षातून त्यांनी चादरीत गुंडाळलेल्या दोन फळ्या उतरवल्या.

"पाठ ह्याच लाकडाची करायची," ते म्हणाले.

गिटारीची पाठ म्हणजे मागची फळी. वाजवणारा बसला की ती त्याच्या पोटाला, छातीला टेकते.

धम्मानं चादर सोडली. जुना साग, काळसर लाल, तेल प्यायल्यागत. तिचे डोळे चमकले. "दाराचा हाय का हो?"

"दाराचाच. कडीकोयंड्याकडचा भाग कापून टाकला, मधलं तेवढं आणलं."

मी चहा टाकायला आत गेले. आतून ऐकू येत होतं. ते सांगत होते, "मॅडम, एक लक्षात ठेवा. ही बाजू खोलीकडची. ही आत राहिली पाहिजे. बाहेरची बाजू पोरीच्या अंगाकडं." खडू घासल्याचा आवाज आला. "बघा, लिहून ठेवतो." धम्मा हो हो म्हणत होती. तिचं ध्यान पोरीच्या हाताकडं. नवा हात मिळाला की तिला दुसरं सुचत नाही.

चहा घेऊन आले तर पोरीच्या हाताभोवती पेन्सिल फिरत होती. मी सहज विचारलं, "कुठल्या खोलीचं गं दार?"

"माझ्याच. लहानपणापासूनच्या." ती हसली. "खोली पाडली, आजी. दार तेवढं राहिलं."

"मग विकायचं की. जुन्या सागाला लई मागणी."

"विकवत पण नव्हतं, जाळवत पण नव्हतं. नुसतं ठेवलं तर…" ती थांबली. "मग मीच म्हटलं, मला गिटार करून द्या. वाजत राहिलं की ते—"

"साकु, इंदू," बाप म्हणाला.

साकु म्हणजे पुरे. तेवढं कानडी सोलापुरात कुणालाही कळतं. पोरीनं चहाचा कप उचलला.

जाताना तिनं मला वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "लवकर करायला सांगा ना आजी. तोवर मला झोप नाही." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. सदऱ्याच्या आत नुसती हाडं.

३

दुसऱ्या दिवशी धम्मा सरस आणायला बाजारात गेली. मी खोली झाडली. झाडून झालं की ओल्या फडक्यानं सगळं पुसायचं, ही माझी चाळीस वर्षांची सवय. तंबाखूची धूळ नुसत्या झाडूनं जात नाही. त्या दोन फळ्या टेबलावर होत्या, धुळीनं भरलेल्या. पुसल्या. वरून पुसल्या, उलटून पुसल्या, उभ्या करून कडा पुसल्या. फडकं पिळताना बादलीतलं पाणी पांढरट झालं. तेव्हा लक्षात आलं, खडू.

मी फळ्यांकडं बघितलं. दोन्ही ओल्या, दोन्ही सारख्या. कुठली बाजू वर होती? मला आठवेना. मला, जिला माझ्या लग्नातल्या वाढप्यांची नावं आठवतात.

अक्षर मला वाचता येत नाही म्हणून मी खडूकडं कधी बघतच नाही. माझ्या लेखी ती धूळ.

जाऊ दे म्हटलं. आधी वाजवून तर बघू. फळी आडवी धरली आणि पेरानं दोनदा टकटक केलं.

लाकूड कसं बोलतं ते मला माहीत आहे. आवाज फळीभर पसरतो आणि विरतो. हा पसरला नाही. हा पलीकडं गेला. रिकाम्या खोलीचं दार वाजवल्यावर आवाज कसा आत जातो, भिंतींना लागतो, कोपऱ्यात थांबतो, तसा. माझ्या हातात बोटभर जाडीची फळी, खाली माझी मांडी. खोली कुठली?

आणि मग खालच्या बाजूनं दोनदा टकटक झालं.

मांडीला कळलं ते. कानाला नंतर.

मी म्हणाले, "कोण हाय?" फळी खाली ठेवून शटरपाशी गेले. गल्लीत उन्हाशिवाय कुणी नव्हतं. मागच्या गल्लीतले माग चालू होते, त्यांच्या दणक्यानं आमची भांडीसुद्धा थरथरतात. तेच असणार. दुसरं काय असणार? आमच्या घरात भुतंखेतं, अंगारेधुपारे चालत नाहीत. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या वर्षी देव्हाऱ्यासकट सगळं भीमेत सोडलं. मी त्या घरात नांदलेली बाई. फळी वाजली म्हणून घाबरू?

फळ्या भिंतीला उभ्या केल्या. पण खोलीत बसले नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगाच लसूण सोलत बसले.

४

धम्मा आली, फळ्या उचलल्या, उन्हात धरल्या.

"आज्जी, सरांनी खडूनं लिहिलं होतं ना?"

"मला काय म्हाईत. मी आत होते."

"पुसलंस व्हय?"

त्याआधी पंधराच दिवसांपूर्वी मी तिच्या कोरलेल्या पट्ट्या कचरा समजून बंबात घातल्या होत्या. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली होती. आज्जी, तू आतल्या खोलीतच बसत जा, म्हणाली होती. नंतर रडली, माझ्या गळ्यात पडली, पण बोललेलं बोललं होतं. आतल्या खोलीत खिडकी नाही. तिथं मालकांचा खोकला ऐकत मी दोन वर्षं काढली होती, ते जाईपर्यंत.

"धूळ पुसली असंल," मी म्हणाले. "पण मला म्हाईत हाय की कुठली बाजू. ऐकलं न्हाय का मी? ही. ही खोलीकडची."

आणि बोट दाखवलं. तोंडातून शब्द असे सुटले की मलाच खरे वाटले.

"नक्की ना?"

"माझं कधी चुकलंय का?"

"न्हाय बाई," ती हसली. "तुजं कधी चुकत न्हाय."

तिनं रंधा चालवला. लाकडाची साल निघावी तशा लालसर चिंध्या पडायला लागल्या. पातळ पातळ होत दोन्ही फळ्या एकमेकींना चिकटल्या, आतून आडव्या पट्ट्या बसल्या, बाजूच्या फळ्या वाफेवर वाकल्या. वीस दिवसांत पेटी बंद झाली. मी तोवर रोज स्वतःला सांगत होते, दोनच बाजू असतात. अर्धी शक्यता माझ्या बाजूनं आहे.

५

पेटी बंद झाली त्या दुपारी आवाज सुरू झाला.

भिंतीवर हुकाला टांगलेली होती. टकटक. मग बराच वेळ काही नाही. मग परत टकटक. धम्मा जेवत होती, तिनं मान पण वर केली नाही. "लाकूड हाय, आज्जी. उन्हानं आवळतं, वाजतं."

बरोबर आहे. लाकूड वाजतं. आमचं कपाट पण उन्हाळ्यात कडाडतं. पण कपाट थांबून वाट बघत नाही. हे थांबत होतं. कुणी दार वाजवून पायरीवर उभं राहावं, आतून कोण येतंय का कानोसा घ्यावा आणि पुन्हा सभ्यपणानं वाजवावं, तसं. मला त्या सभ्यपणाचीच भीती वाटायला लागली.

चौथ्या दिवशी आवाज बंद झाला.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी धुणं वाळत घालून आले, भाकरी टाकाव्या म्हणून स्वयंपाकघराकडं गेले. दार बंद. ढकललं, उघडेना. आतून कडी.

"धम्मे," मी हाक मारली, "आत हाईस का गं?"

"मी हितं हाय की," ती समोरच्या खोलीतून म्हणाली. रंध्याचा आवाज चालूच होता.

घरात आम्ही दोघी. स्वयंपाकघराला दुसरं दार नाही, खिडकीला गज. मी दाराला कान लावला. आत कुणी हालत नव्हतं. पण खोली रिकामी असली की कळतं, तशी ती वाटत नव्हती. टाकीच्या नळाचा थेंब रोज टपकन् घागरीत पडतो. तो पडत नव्हता. जणू कुणी हात खाली धरला होता.

धम्मानं फटीतून पातं घालून कडी उचलली. आत सगळं जिथल्या तिथं. "कडी ढिली झालीय, दार आपटल्यावर पडली असंल," ती म्हणाली. मी पण तेच म्हणाले. वारा मात्र त्या दिवशी पान हलण्याइतकासुद्धा नव्हता.

घागर कोरडी होती.

६

पेटी बंद झाल्यावर आतला सरस नीट बसलाय का हे बघायला धम्माकडं एक आरसा आहे. दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला, रुपयाएवढा, लांब दांडीचा. पुढच्या फळीच्या गोल भोकातून बारका दिवा आत सोडायचा, मग आरसा घालायचा, फिरवायचा. आतल्या पट्ट्या, सांधे, सगळं दिसतं.

मला खात्री करून घ्यायची होती. लाकडाच्या पेटीत लाकडाच्या पट्ट्या आहेत एवढं डोळ्यांनी बघितलं की माझं मन थाऱ्यावर येणार होतं. धम्मा अंघोळीला गेली होती. सकाळचे नऊ वाजले असतील, गल्लीत पोरं खेळत होती, भाजीवाली ओरडत होती. भ्यायची वेळच नव्हती ती. मी गिटार मांडीवर घेतली, दिवा आत सोडला, आरसा घातला.

आधी पट्ट्या दिसल्या. एक, दोन, तीन. सरसाचे थेंब. धम्माचं काम स्वच्छ असतं. मी आरसा पाठीकडं वळवला.

पाठ दिसली नाही. फरशी दिसली.

शहाबादी फरशी, जुनी, मधे मधे फुटलेली, शेणानं सारवल्यागत काळी. लांबवर गेलेली. एवढ्याशा पेटीत एवढी लांबी कुठून आली, असं मी स्वतःशी म्हणालेसुद्धा. आणि फरशीच्या टोकाला, भिंतीशी, काहीतरी बसलेलं होतं. पाठमोरं. बुटकं होतं की लांब होतं म्हणून बुटकं दिसत होतं, ते मला आजही सांगता येत नाही. अंगावर कापड होतं का, तेही नाही. एवढंच कळलं की ते ऐकत होतं. आणि दिव्याचा उजेड त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याची मान फिरायला लागली.

मी आरसा ओढून काढला. भोकाच्या कडेला ओरखडा पडला.

धम्मा केस पुसत आली. "आज्जी, काय केलंस गं हे? परवा न्यायला येणार हाईत ती!"

"धम्मे, ही पाठ काढ."

"काय?"

"पाठ काढ म्हणते. बाजू उलटी लागलीय. मला आठवत नव्हतं. मी खोटं बोलले तुला."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त स्टुलावर बसली आणि म्हणाली, "महिन्याभराचं काम हाय, आज्जी."

"पोरीच्या अंगाला लागणार ती बाजू. तू बघितलंस ना तिला? झोप न्हाय म्हणाली. मी तिच्या पाठीवरनं हात फिरवलाय."

"लाकडाला बाजू नसती गं," ती म्हणाली. पण तिनं गिटार माझ्या मांडीवरून उचलली ती दोन्ही हात लांब करून, अंगाला लागू न देता.

७

त्यांना बोलावून घेतलं. खरं सांगितल्याशिवाय पाठ काढायची नाही, असं मीच म्हणाले. महेश्वर सर दारातच थांबले. मी हात जोडले आणि सांगितलं, खडू मी पुसला, बाजू मी चुकीची दाखवली, माझ्या नातीचा दोष नाही.

त्यांनी मला शब्दानं दुखावलं नाही. आत येऊन तळहात गिटारीच्या पाठीवर ठेवला, लगेच उचलला, पँटीला पुसला. "किती दिवस झाले पेटी बंद करून?"

"बारा," धम्मा म्हणाली.

ते लेकीशी कानडीत बोलले. पोरगी भिंतीला टेकून उभी होती, पांढरी फटक. तिनं नुसती मान हलवली.

"काढा," ते म्हणाले. "आमच्यासमोर. आणि लगेच बसवा. मधे वेळ घालवू नका."

धम्मानं इस्त्री तापवली, सांध्यावर ओलं फडकं टाकून फिरवली. सरस मऊ झाला की कडेनं पातळ पातं सरकवायचं, बोटबोट पुढं जायचं. खोलीत वाफ झाली. मागच्या गल्लीतले माग चालू होते की बंद, मला सांगता येणार नाही. मला फक्त सरस सुटल्याचा आवाज आठवतो, जखमेवरची पट्टी ओढावी तसा. पाठ शेवटच्या कोपऱ्यापर्यंत सुटली. धम्मानं ती दोन्ही हातांनी उचलली, झाकण उचलावं तशी.

आत काही नव्हतं. पट्ट्या, दिव्याचा उजेड आणि सरस.

पहिल्यांदा धम्मा हसली. मग सरांनी श्वास सोडला. मग मी. पोरगी खाली बसली आणि रडायला लागली, पण सुटल्यासारखी. मी तिला पाणी दिलं. "बघितलंस का," मी म्हणाले, "उगाच म्हातारीनं जिवाला घोर लावला."

पाठ उलटवली. आतल्या पट्ट्या तासून काढल्या, दुसऱ्या बाजूनं नव्या चिकटवायच्या होत्या. सरस सुकल्याशिवाय पेटी बंद करता येत नाही, धम्मा म्हणाली. म्हणजे रात्र जाणार. सरांचा चेहरा उतरला, पण इलाज नव्हता. ती रात्र बाप-लेक आमच्याच घरी राहिली. पोरगी माझ्याशेजारी झोपली. आणि खरं सांगते, ती लहान लेकरासारखी झोपली. सकाळी उठवावं लागलं.

दुपारी पेटी बंद झाली. खोलीकडची बाजू आत.

८

आठ दिवसांनी तारा चढल्या. इंद्रायणी आली, स्टुलावर बसली, गिटार पोटाशी घेतली. धम्मानं तिच्यासाठी गिटारीची मान जरा बारीक केली होती, पोरीची बोटं आखूड म्हणून. तिनं एक तार छेडली. आवाज असा की खोली मोठी झाल्यागत वाटलं. तिनं डोळे मिटून बराच वेळ वाजवलं. गाल भरले होते पोरीचे. सरांनी माझ्या पायाला हात लावला, मला लाज वाटली.

पंधरवड्यानं तिचा फोन आला. "आजी, आता काहीच नाही. मोकळं मोकळं वाटतं. रोज वाजवते. कधी कधी चार-चार दिवस वाजवत नाही, तरी काही होत नाही."

"बरं झालं की गं," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मळता मळता हात थांबला.

चार दिवस वाजवत नाही तरी काही होत नाही. कारण आत काही नाही. पाठ उचलली तेव्हाच आत काही नव्हतं. आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि हसलो. रात्रभर पेटी उघडी होती, टेबलावर, पाठ एकीकडं, पेटी एकीकडं. दुसऱ्या दिवशी जी बंद केली, ती रिकामी.

मग भरलेलं काय होतं, ते कुठं आहे, हा विचार मी केला नाही. करू नये म्हणून पीठ मळत राहिले. इतकं मळलं की भाकरी चिरल्या सगळ्या.

९

धम्मा बदलली असं कुणी म्हणणार नाही. जेवते, हसते, शटर वर करते. नवं गिऱ्हाईक आलं तर चहा सांगते. पण गेल्या सोमवारी ती समोरच्या खोलीतल्या बाजूच्या भिंतीपाशी उभी होती, हात भिंतीवर ठेवून. तिथं काही नाही. नुसती चुन्याची भिंत, पलीकडं गल्ली, गल्लीत गटार.

"काय बघतीस गं?"

"आज्जी, हितं दार करू या."

"गल्लीत उघडायचंय का? शटर हाय की एवढं मोठं."

"गल्ली न्हाय," ती म्हणाली. शांतपणे, मला समजावल्यासारखं. "खोली हाय."

मी बाहेर जाऊन बघून आले. गल्ली होती. गटार होतं. एक कुत्रं झोपलं होतं. आत आले तर धम्मानं पेन्सिल घेतली होती. भिंतीवर खूण करत होती. जमिनीपासून वर, मग आडवी, मग खाली. ती नेहमी माप घेते ना, मन लावून, जीभ दातात धरून, अगदी तशी. खूण माझ्या कमरेपर्यंतच आली होती. रुंदीला मात्र माझे दोन्ही हात पसरले तरी पुरले नसते.

"धम्मे, हे कुणाचं माप?"

तिनं मागं वळून बघितलं, माझ्याकडं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडं, आणि कुणी होकार दिल्यावर माणूस मान डोलावतं तशी मान डोलावली.

तेव्हापासून मी त्या भिंतीला पाठ लावून बसते. पोतं टाकलंय खाली. भाजी तिथंच निवडते, जेवण तिथंच. पाठीला भिंत गार लागते, एवढ्या उकाड्यात, आणि मधेच एखाद्या जागी ऊब येते, तळहाताएवढी. मी सरकून तिच्यावर बसते. म्हातारी आहे, वजन फारसं नाही, पण आहे तेवढं टाकते.

हणमंताला फोन केला. पोरीला घेऊन जा म्हणाले, दौंडला ने, काय कारण सांगायचं ते सांग. तो म्हणाला, आई, सुट्टी रविवारीच मिळेल, तोवर सांभाळ.

धम्मा रागावत नाही. जरा सरक ना आज्जी, म्हणते, तुझ्या पाठीमागचं माप राहिलंय. मी नाही म्हटलं की हट्ट करत नाही. पेन्सिल घेऊन माझ्यासमोर स्टुलावर बसते, हात मांडीवर ठेवून, आणि मी उठायची वाट बघते. डोळ्यांत डोळे घालून बसतो आम्ही दोघी. ती पापणी पण हलवत नाही. माझी मात्र मिटायला लागते.

आज बुधवार आहे.